उडी मारताना थेंबभर लघवी होते. १३ वर्षांच्या जिम्नॅस्ट मुलीसाठी हे नॉर्मल आहे का?

बऱ्याच जिम्नॅस्ट मुलींना होतं, पण 'चालायचंच' म्हणून सोडून देऊ नका. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. मूत्राशयाला तिचाच आधार. टम्बलिंग किंवा व्हॉल्टनंतर पाय मॅटवर आदळतात तेव्हा वजनाच्या कित्येक पट जोर येतो. त्यात श्वास रोखून पोट आत खेचलेलं असेल तर दाब थेट या स्नायूंवर जातो.

मला जास्त काळजी वाटते ती मुली स्वतःच शोधतात त्या उपायाची: सरावाआधी पाणीच प्यायचं नाही. त्याने लघवी गडद होते, बद्धकोष्ठता वाढते आणि कुंथून कुंथून तेच स्नायू आणखी ताणले जातात. तिला पाणी पिऊ द्या.

यूट्यूब बघून केगल (हे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम) सुरू करू नका. काही जिम्नॅस्टचे हे स्नायू कमजोर नसतात, सतत आखडलेले असतात. त्यांना आधी ते सैल सोडायला शिकावं लागतं. पेल्व्हिक फ्लोअरवर, म्हणजे याच स्नायूंवर, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. लघवीला जळजळ असेल किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नसेल तर आधी डॉक्टर. आणि कोचशी तुम्हीच बोला, तिच्यावर ढकलू नका.