गुडघेदुखीवर एक्सोसोमचं इंजेक्शन घ्यावं का?

बीडहून तुम्ही विचारलंय: ज्वारी काढून काढून आईचे गुडघे गेलेत, दवाखान्यात एक्सोसोमचं इंजेक्शन सुचवलंय, घ्यावं का? माझं मत, आत्ता नको.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या इवल्याशा पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. ज्वारीच्या एका दाण्याच्या रुंदीत अशा हजारो ओळीनं मावतील! आत प्रथिनं आणि आरएनए, म्हणजे पेशीतल्या सूचना वाहून नेणारे रेणू. त्यांच्यातून एका पेशीचा निरोप दुसरीकडे पोचतो. तपासणीत त्यांचा उपयोग सुरू झालाय: अमेरिकेत लघवीतल्या एक्सोसोमवरून प्रोस्टेट कॅन्सरचा धोका जोखतात. उपचाराचं तसं नाही. मान्यता मिळालेलं एकही एक्सोसोम औषध नाही, असं अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१९ मध्ये लोकांना बजावलं. एक्सोसोम म्हणून विकलेले असे उपचार घेतलेल्या काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. आईंना आधी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, मांडीचे व्यायाम विचारून घ्या.