बिलावरची तिसरी ओळ

अंबाजोगाईच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. गाडी 2012 सालची. केज रस्त्यावरच्या एका गतिरोधकाला पुढचा बंपर घासला आणि डाव्या बाजूचे लॉक तुटले. लातूरच्या एका गॅरेजवाल्याने 'दोन्हीकडचे ब्रॅकेट नवीन टाकून देतो' म्हणून 6,850 रुपये घेतले, पक्कं बिलही दिलं. चार महिन्यांत बंपर डावीकडून लोंबायला लागला. गावातल्या मेकॅनिकने खालून वाकून पाहिलं आणि सांगितलं की ब्रॅकेट जुनेच आहेत, तुटलेले कान एम-सीलने चिकटवलेत. तेव्हापासून गॅरेजवाला 'उद्या या, परवा बघू' करतोय आणि बंपर बाइंडिंग वायरने बांधून गाडी चालू आहे. गुरुजींचे चार प्रश्न आहेत. दोन लाख भरपाई मागता येईल का, पोलिसांत जाऊ का, विम्यातून काही सुटेल का, आणि बिलाच्या तळाशी 'प्लॅस्टिक कामास गॅरंटी नाही' असं छापलंय त्याचं काय.

अशी पत्रं सतत येतात. कुणाचा बंपर असतो, कुणाची शेतातली मोटर असते. नव्या तांब्याच्या तारेचे पैसे घेतले आणि रिवाइंडिंग जुन्याच तारेत करून दिलं, ही तक्रार तर मराठवाड्यात दर उन्हाळ्यात ठरलेली. म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितोय, पण गुरुजी, आधी तुमचंच.

तुम्ही बिलाचा फोटो पाठवलात हे बरं केलंत, कारण तारीख तुम्ही पत्रात लिहिलीच नव्हती. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. बिलाच्या तारखेपासून मोजलं तर तुमच्याकडे पाच आठवडे उरलेत. तुम्ही म्हणाल, 'मला तर चार महिन्यांनी कळलं, तिथून मोजा ना.' तसा युक्तिवाद करता येतो, मीही करीन. पण तो सामनेवाल्याच्या वकिलाने मुदतीचा आक्षेप घेतल्यावर करायचा असतो. त्याच्या भरवशावर आज निवांत बसायचं नसतं. बिलाच्या तारखेपासून दोन वर्षं धरा आणि ती संपायच्या आत तक्रार दाखल करा.

इतके महिने वाट पाहत बसलात, त्याबद्दल थोडं बोलतोच. गॅरेजवाल्याला तुम्ही फोन केले, चकरा मारल्या, शेवटी गावातल्या एका वकिलाकडून नोटीसही पाठवली. नोटिशीमुळे मुदत थांबते हा समज कुणी पसरवला कोण जाणे! नोटीस पाठवून, पत्रव्यवहार करून, किंवा समोरच्याने 'बघतो' म्हटल्याने ही मुदत लांबत नाही. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. 'तो रोज उद्या या म्हणायचा' हे कारण चालेल, अशी खात्री मी कुणाला देणार नाही. वर्गात उशिरा आलेल्या पोराला तुम्ही जे प्रश्न विचारले असतील, तेच तिथे तुम्हाला विचारतील.

आता बिल. तुमचं सगळं लक्ष तळाच्या छापील ओळीवर आहे, गॅरंटी नाही या ओळीवर. मला महत्त्वाची वाटते ती हाताने लिहिलेली तिसरी ओळ: 'बंपर साइड ब्रॅकेट नवीन, 2 नग, 1,900 रुपये.' तुमची केस ही एवढीच आहे. छापील ओळ जास्तीत जास्त काय सांगते? केलेलं काम किती टिकेल याची हमी नाही. जो भाग टाकलाच नाही त्याचे पैसे घेण्याची परवानगी ती देत नाही. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवीन म्हणून सांगणं ही कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, तसं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा तक्रारीत 'बंपर टिकला नाही' असं रडगाणं मुख्य करू नका. तो मुद्दा तुम्ही हरूही शकता. बारा वर्षं उन्हात तापलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, हे गॅरेजवाला शपथेवर सांगेल आणि ते खरंही आहे. 'नवीन ब्रॅकेटचे 1,900 घेतले आणि जुनाच ब्रॅकेट चिकटवून दिला' यावर मात्र त्याला बोलायला फारशी जागा नाही.

तुटलेले कान जोडून देणं यात स्वतःहून काही गैर नाही. जुन्या गाडीचे ब्रॅकेट बाजारात लवकर मिळत नाहीत, आणि चांगला कारागीर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची काडी वितळवून किंवा तापवलेली स्टीलची पिन आत बसवून बराच काळ टिकेल असं काम करतो. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचे असतात, त्यावर एम-सील काय आणि फेविक्विक काय, धड धरत नाही. हे त्या गॅरेजवाल्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. 'ब्रॅकेट मिळत नाही, जुनाच जोडतो, 500 रुपये द्या' असं म्हणाला असता तर तुम्ही दिले असते आणि हे पत्रही आलं नसतं.

आता पुराव्याचं. पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की गॅरेजवाल्याने एकदा व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलं होतं, 'सर, कंपनीचा माल आला नव्हता म्हणून तेच फिट केलं, तुम्ही या, करून देतो.' गुरुजी, रागावू नका, पण ही पत्रातली पहिली ओळ असायला हवी होती! ही कबुली आहे. आणि तो मेसेज ज्या फोनमध्ये आहे तो फोन तुम्ही पुण्याच्या मुलाला दिलात आणि तो एक्स्चेंजमध्ये काढायचा म्हणतोय. आज संध्याकाळच्या आत मुलाला सांगा, फोन विकू नको, रीसेट करू नको, चॅट पुसू नको. पूर्ण चॅट तारखांसकट बाहेर काढा, आवाजाची फाइल वेगळी जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी जोडा. समोरचा वकील 'हा आवाज आमच्या अशिलाचा नाहीच' म्हणायला कमी करत नाही.

गाडीवरचा पुरावा त्याहून नाजूक आहे. गावातला मेकॅनिक 'आणा, तासाभरात पक्कं करून देतो' म्हणतोय ना? त्याला आधी थांबवा. बंपर उतरवाल त्या क्षणापासून व्हिडिओ चालू ठेवा, सुरुवातीला गाडीचा नंबर दिसला पाहिजे. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला एक लहान गोल उठाव असतो, त्याच्या कडेने 1 ते 12 आकडे, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि एक बाण. साचा भरल्याचा महिना आणि वर्ष त्यावरून कळतं. प्रत्येक भागावर असतोच असं नाही. पण तुमच्या ब्रॅकेटवर मध्ये 12 आणि बाण एखाद्या महिन्याकडे असा ठसा निघाला, तर त्याचा जवळून स्वच्छ फोटो घ्या. अर्थात त्यावर 'माल जुन्या साठ्यातला होता' हे उत्तर येऊ शकतं, म्हणून एम-सीलचा थर आणि त्याखालची तुटलेली कड दोन्ही दिसतील असेही फोटो घ्या. मेकॅनिककडून त्याने काय पाहिलं ते चार ओळींत लिहून सही घ्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा तपासणी अहवाल मिळाला तर आणखी चांगलं, पण त्यासाठी आठवडे घालवू नका. काढलेले ब्रॅकेट पिशवीत घालून घरी ठेवा, भंगारात गेले तर अर्धी केस गेली. एवढं झालं की मग खुशाल नवीन ब्रॅकेट टाका आणि त्याचंही बिल घ्या. वायरने बांधलेला बंपर घेऊन फिरू नका. तो महामार्गावर सुटून मागच्या मोटारसायकलवाल्याला लागला, तर दोष माहीत असून गाडी चालवली म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम 190 तुमच्यावर येईल, गॅरेजवाल्यावर नाही.

तक्रार कुठे? 2019 च्या कायद्यापासून तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणजे तुम्हाला बीड चालेल. लातूरही चालेल, गॅरेज तिथेच आहे. अंबाजोगाईहून लातूर जवळ पडतं, तेव्हा मी लातूर निवडीन. तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुद्देसूद मराठीत तक्रार, शपथपत्र, बिल, फोटो, चॅट एवढं पुरतं, आणि मुद्देसूद लिहिणं तुम्हाला शिकवायची गरज नसावी. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते. बिलावर गॅरेजचं नाव आहे, मालकाचं नाही. मालकाचं पूर्ण नाव शोधून 'प्रोप्रायटर' म्हणून घाला, नाहीतर आदेश हातात असून वसुलीला माणूस सापडत नाही.

पुढचं मात्र मी गोड करून सांगणार नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, मालाची तपासणी लागली तर पाच. सामनेवाल्याला उत्तरासाठी जास्तीत जास्त 45 दिवस. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात कुठे अध्यक्ष नाहीत, कुठे सदस्य नाहीत, तारखेला गेलं की पुढची तारीख घेऊन यायचं. 1,900 रुपयांच्या ब्रॅकेटसाठी माणसाला वर्ष-वर्ष झुलवत ठेवणारी व्यवस्था गॅरेजवाल्यांना बरोबर ठाऊक आहे. 'जा कोर्टात' हे ते उगाच म्हणत नाहीत.

म्हणून दोन लाख मागू नका. ब्रॅकेटचे 1,900, त्याची मजुरी, आता कराल त्या दुरुस्तीचं बिल, त्रासापोटी आणि खर्चापोटी माफक रक्कम, एवढंच लिहा. आयोग किती देईल हे मी सांगू शकत नाही, पण फुगवलेला आकडा पाहून खऱ्या मागणीकडेही संशयाने पाहिलं जातं.

पोलिसांत जायला मनाई नाही. फसवणुकीचं कलम 318 भारतीय न्याय संहितेत आहेच. ठाण्यात बहुधा 'हे दिवाणी आहे' असं ऐकाल, आणि तुमचे पाच आठवडे तिथल्या बाकावर जातील. विम्याचं विचारूच नका, तुमची पॉलिसी थर्ड पार्टी आहे. ती समोरच्याचं नुकसान भरते, तुमच्या गाडीचं नाही. सर्वंकष पॉलिसी असलेल्यांनीही बंपरसाठी क्लेम टाकण्याआधी हिशेब करावा. प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा कापतात, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला वर 1,000 रुपये सक्तीची वजावट, आणि नो क्लेम बोनस जातो तो वेगळाच.

ज्यांच्याकडे बिलच नाही अशा वाचकांसाठी एवढंच, की सेवा देऊन बिल न देणं हीसुद्धा त्याच कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयने पैसे दिले असतील तर ती नोंद जपा. रोख दिले असतील तर काम जड आहे. पुढच्या वेळी गाडी सोडताना जॉब कार्डावर काय तुटलंय आणि काय नवीन टाकायचंय ते लिहून घ्या, आणि काढलेला भाग परत मागा.

आणि गुरुजी, तक्रारीची नोटीस पोचली की गॅरेजवाल्याचा फोन नक्की येईल. 'सर, मिटवून टाकू' म्हणेल. मिटवायला हरकत नाही, मीही तेच सुचवीन. पण 'आधी केस मागे घ्या, मग देतो' याला हो म्हणू नका. तडजोड लेखी करा, पैसे बँकेत जमा होऊ द्या आणि त्यानंतरच आयोगापुढे पुरसिस, म्हणजे केस मिटल्याचं लेखी निवेदन, द्या.