बाळासाठी प्रयत्न सुरू असताना रुबेलाची लस घेऊन महिनाभर थांबावं का?

तुम्ही लिहिलंय की वय ३२ आहे, दीड वर्षापासून चान्स घेताय. नव्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही असं निघालं, म्हणून त्यांनी एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, घ्या आणि मग एक महिना थांबा असं सांगितलं. घरी मात्र सगळ्यांचं म्हणणं, आधीच उशीर झालाय, त्यात हे लशीचं काय काढलं, आणि त्यानं आणखी काही बिघडलं तर?

मी डॉक्टर नाही. पण २०२२ मध्ये मी नेमकी तुमच्या जागी होते. वय ३१, लग्नाला चार वर्षं, आणि हाच कागद हातात. मी लस घेतली. तुम्हीही घ्या असंच मी मनापासून सांगेन.

तो एक महिना किती मोठा वाटतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. दर महिन्याला तारीख जवळ आली की पोटात गोळा, एक दिवस पुढे गेला की मनात नावं ठरायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी पाळी येते. अशा वेळी कुणी "हा महिना सोडून द्या" म्हणालं तर शिक्षा झाल्यासारखं वाटतं. मी डॉक्टरांशी वादच घातला होता. म्हटलं, मॅडम, दिवस राहिले की मग घेते ना, तोपर्यंत प्रयत्न चालू ठेवते. त्या म्हणाल्या, "तेच तर जमत नाही. ही जिवंत लस आहे, गरोदरपणात देत नाहीत. आता घ्या, नाहीतर बाळंतपण झाल्यावर." मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ज्या नऊ महिन्यांत या लशीची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच नऊ महिन्यांत ती मिळत नाही.

माझ्या एका मामेबहिणीला गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात दोन दिवस कणकण आली होती आणि अंगावर बारीक पुरळ उठलं होतं. उष्णतेचं असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळं गेलंही. मुलगा झाला. दीड महिन्याचा असताना आजी त्याला खिडकीजवळ पायांवर घेऊन तेल लावत होती. उन्हाची तिरीप त्याच्या तोंडावर आली तेव्हा तिला दिसलं की डोळ्याच्या काळ्या बाहुलीत पांढरट काहीतरी आहे, दुधाचा थेंब सांडल्यासारखं. दोन्ही डोळ्यांत. जन्मतःच मोतीबिंदू होता. नंतर कळलं की कानांनाही ऐकू येत नाही. आज तो शाळेत जातो, हुशार आहे, सगळ्यांचा लाडका आहे. पण त्याच्या आईनं जी हॉस्पिटलं पालथी घातली, ती मी जवळून बघितली आहेत. डॉक्टरांनी मला रुबेला शब्द उच्चारला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली.

मोठ्या माणसाला रुबेला म्हणजे काहीच नसतो. थोडा ताप, पुरळ, कानामागे गाठी, आणि जवळजवळ निम्म्या लोकांना तर कळतही नाही. पण गर्भारपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला संसर्ग झाला तर दहापैकी आठ-नऊ बाळांपर्यंत त्याची इजा पोहोचू शकते. डोळे, कान, हृदय. काही वेळा गर्भच टिकत नाही. हा संबंध पहिल्यांदा लक्षात आला तो १९४१ मध्ये, सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांना. एकाएकी मोतीबिंदू असलेली इतकी तान्ही बाळं का येताहेत हे ते शोधत होते. अशा ७८ बाळांची नोंद त्यांनी मांडली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. पुढे १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं ही इजा घेऊन जन्मली. लस त्यानंतर आली, १९६९ मध्ये.

"लहानपणी सगळे डोस झालेत ना," असं तुमच्या आई म्हणतात. माझी आईही तेच म्हणाली होती, आणि ती खोटं बोलत नव्हती. आपल्या पिढीला सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्यात मिळाली ती नुसती गोवराची लस. रुबेला त्यात नव्हता. तो खासगी बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआरमधून मिळायचा, ज्यांना परवडलं त्यांना. सरकारी गोवर-रुबेला मोहीम देशात २०१७ ला सुरू झाली आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये, तीही १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तेव्हा तुम्ही-मी कधीच त्या वयाच्या पुढे गेलो होतो. आणि "लहानपणी गोवर निघाला होता" याचाही इथे उपयोग नाही. गोवर वेगळा, रुबेला वेगळा. म्हणून आठवणीवर जाऊ नका, रक्ताच्या रिपोर्टवर जा.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट बघा, कारण इथे फार गोंधळ होतो. आयजीजी, म्हणजे रक्तातली संरक्षण देणारी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह म्हणजे आजार नाही. शरीराला तो विषाणू किंवा लस ओळखीची आहे, संरक्षण आहे, असा त्याचा अर्थ. अशा बाईला लशीची गरजच नसते. कित्येक जणी टॉर्च नावाच्या लांबलचक तपासणीत ठळक अक्षरांतलं "पॉझिटिव्ह" बघून रडत बसतात. तुमचा आयजीजी निगेटिव्ह आहे, म्हणजे तुमच्याकडे संरक्षण नाही. रुबेलासाठी एक डोस बहुतेकींना, १०० तल्या साधारण ९५ जणींना, पुरतो.

आता महिन्याचा हिशोब. मी तो वहीत मांडला तेव्हा माझं मन शांत झालं, म्हणून सांगते. मी पाळीच्या तिसऱ्या दिवशी लस घेतली. त्यात दोन फायदे. एक, दिवस राहिलेले नाहीत याची खात्री. दोन, तिथून २८ दिवस मोजले तर ते पुढच्या पाळीच्या आसपास संपतात, आणि त्या चक्रात अंडं सुटायला अजून दोन आठवडे असतात. म्हणजे सोडावं लागतं ते एकच चक्र. तेवढ्यात निरोध वापरायचा, बाकी काही नाही.

तुम्हाला कुणी "तीन महिने थांबा" म्हणालं तर तो जुना नियम आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, तो २००१ मध्ये २८ दिवसांवर आणला. जागतिक आरोग्य संघटनाही एकच महिना सांगते. आणि समजा त्या महिन्यात चुकून राहिलंच, तर गर्भपाताच्या गोष्टी कुणालाही करू देऊ नका. १९७१ ते १९८९ या काळात सीडीसीनं अशा ३२१ बायकांची नोंद ठेवली, ज्यांना प्रतिकारशक्ती नव्हती आणि ज्यांनी गर्भधारणेच्या आधी किंवा नंतर तीन महिन्यांच्या आत ही लस घेतली होती. त्यांना झालेल्या ३२४ बाळांपैकी एकालाही रुबेलाची ती इजा झालेली नव्हती. मग थांबायचं कशाला? निव्वळ जास्तीची खबरदारी म्हणून, आणि थोडक्यात पाळता येते म्हणून.

लशीनं मूल होत नाही, ही भीती तुमच्या सासूबाईंची आहे तशीच माझ्याही घरी होती. गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी मुलांना टोचू नका, पुढे वांझपण येईल, अशा अफवा देशात बऱ्याच ठिकाणी उठल्या होत्या. एमएमआर जगात गेली ५० वर्षं दिली जातेय. लहानपणी ती घेतलेल्या मुली आज आया आहेत, काही तर आज्या. कोविडच्या वेळी मी स्वतः अशाच एका फॉरवर्डला बळी पडले. मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली तरी मी सप्टेंबरपर्यंत घेतली नाही, "प्रयत्न चालू असताना नको" म्हणून. जुलै २०२१ मध्ये तर केंद्र सरकारनं गरोदर बायकांनाही ती घ्यायला परवानगी दिली होती. पुढे अमेरिका-कॅनडातल्या दोन हजारांवर जोडप्यांचा बोस्टन विद्यापीठानं केलेला अभ्यास वाचला. लस घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना दिवस राहण्याच्या शक्यतेत फरक नव्हता. उलट पुरुषाला कोविड होऊन गेल्यावर थोडे दिवस ती शक्यता कमी झालेली दिसली. त्या चार महिन्यांत मी घाबरून बसले होते, ते कशाला, असं अजून वाटतं.

सासूबाईंशी बोलताना मी आकडे सांगितले नाहीत. मामेबहिणीच्या मुलाचं सांगितलं. त्या त्याला ओळखत होत्या. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग महिनाभर उपास-तापास नको करूस, नीट खा." विषय तिथे संपला.

लस घेणं अगदी साधं होतं. औषधाच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीसोबत छोट्या थर्माकोलच्या डब्यात कुपी मिळाली, आत तळाशी चिकटलेली पांढरी पूड. सिस्टरनी त्यात पाणी घालून हलवली आणि दंडावर कातडीखाली टोचली. डबा रिक्षात मांडीवर घट्ट धरून नेला होता, कारण ती लस थंडच राहावी लागते. त्या दिवशी काही झालं नाही. चौदाव्या दिवशी मात्र सकाळी परातीत कणीक मळायला बसले तर बोटांची पेरं दुखायला लागली, मूठ वळेना. घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, मोठ्या बायकांना रुबेलाच्या लशीनंतर एक ते तीन आठवड्यांत सांधे दुखणं हे ठाऊक असलेलं आहे, जाईल. चार दिवसांत गेलं. तोपर्यंत पोळ्या नवऱ्यानं केल्या. तुम्हालाही झालं तर घाबरू नका, आधी माहीत असलेलं बरं.

डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगा. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसवर असाल, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल, गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलं असेल, किंवा निओमायसिन किंवा जिलेटिनची मोठी अॅलर्जी झालेली असेल, तर आधी बोलायला हवं. थायरॉइडची गोळी किंवा पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर अडचण नाही. आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे मूल होत नसलं की टीबी आहे का बघायला मांटू टेस्ट करतात. एमएमआरनंतर काही आठवडे ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून ती करायची असेल तर लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी करून घ्या, नाहीतर चार ते सहा आठवड्यांनी.

सोडलेल्या त्या चक्रात आम्ही राहिलेल्या तपासण्या उरकल्या. नळ्या उघड्या आहेत का बघणारी एचएसजी, जी तशीही दिवस राहायची शक्यता नसताना करायची असते. नवऱ्याची वीर्यतपासणी, जी तो आठ महिने टाळत होता. माझं थायरॉइड. फॉलिक अॅसिड चालूच ठेवलं. कांजिण्या झालेल्या नसतील तर त्याचंही विचारा, ती लसही जिवंत आहे, तिलाही हाच एक महिन्याचा नियम. बाकी धनुर्वात, फ्लू, हिपॅटायटिस बी या लशींसाठी थांबावं लागत नाही. नवऱ्यानं एमएमआर घेतली तर त्याच्यामुळे तुम्हाला थांबायची गरज नाही.

मला लगेच पुढच्या महिन्यात राहिलं नाही, हेही खरं सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये लस घेतली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवस राहिले. दुसऱ्या महिन्यात आमच्या इमारतीत एका मुलाच्या अंगावर पुरळ आलं, त्याच लिफ्टमध्ये मी रोज जायचे. त्या रात्री कपाटातून तो रिपोर्ट आणि लशीची पावती काढून मी पुन्हा बघितली आणि झोपले.

लेक ऑक्टोबरमध्ये झाली. नऊ महिन्यांची झाल्यावर तिला गोवर-रुबेलाचा पहिला डोस सरकारी दवाखान्यात दिला. तिथल्या बाई कार्डावर तारीख लिहीत असताना ती त्यांच्याच पेनाला हात घालत होती.

तुमची पुढची पाळी कधी आहे ते बघा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वेळ आजच फोन करून घेऊन ठेवा. लस दुकानात नेहमी असतेच असं नाही, आधी विचारून ठेवा.