युनियन, छात्रसंघ की विद्यार्थी परिषद?

प्रश्न ब्रह्मपुरीकडच्या एका पोरीचा आहे, बीए सेकंड इयरची. ती म्हणते कॉलेजच्या नोटीस बोर्डावर "विद्यार्थी परिषद" लिहिलेलं असते, दिल्लीच्या बातम्यांत "छात्रसंघ" ऐकू येते, अन् घरी बाबा म्हणतात "आमच्या टाइमले युनियनची इलेक्शन व्हायची". तर हे तिन्ही एकच का? आणि युनियन तर एसटीवाल्यांची असते, पोट्ट्यांच्या मंडळाले ते नाव कसं लागलं? शिवाय अर्ज करायचा तर वर काय लिहू?

प्रश्न फार चांगला आहे. युनियन अन् छात्रसंघ एकच. परिषद त्यांची जवळची नातेवाईक, पण तीच नाही.

आधी युनियन. आपल्याकडं हा शब्द गिरणी, एसटी, वीज बोर्ड यांच्यामुळं घरोघरी पोचला म्हणून तो कामगारांचाच वाटतो, पण विद्यार्थ्यांनी तो वेगळ्याच वाटेनं घेतलेला आहे. केंब्रिजला १८१५ साली वादविवाद करणाऱ्या तीन मंडळ्या एकत्र आल्या, आणि हे तिघांचं एकीकरण म्हणून नावच पडलं युनियन. दोनच वर्षांत, १८१७ ला, पोरं राजकारणावर बोलतात म्हणून विद्यापीठानं ती बंद पाडली, १८२१ ला परत सुरू झाली. ऑक्सफर्डची १८२३ ची, तिचं नाव दोन वर्षांनी युनियन झालं. या दोन्ही मुळात वक्तृत्वाच्या संस्था, आजही तशाच आहेत, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी निवडायची बॉडी तिथं वेगळी असते. तशी बॉडी स्कॉटलंडात एडिनबर्गला १८८४ मध्ये झाली अन् तिचं नाव मात्र कौन्सिल, म्हणजे आपली परिषदच! आणि युनियन म्हणजे तिथं बसाउठायची, खायची, चर्चा करायची इमारत, ती नंतर १८८९ ला झाली. म्हणजे हा युनियन-परिषदेचा घोळ आपण केलेला नाही, तो मूळ गावातूनच आलेला आहे.

याच्याही मागं गेलं तर आणखी मजबूत गोष्ट सापडते. युनिव्हर्सिटी हा शब्द ज्या लॅटिन "युनिव्हर्सितास"वरून आला त्याचा अर्थ इमारत नाही, अभ्यासक्रम नाही, तर एकत्र आलेल्या लोकांचा समूह. इटलीत बोलोन्याला मध्ययुगात बाहेरगावची पोरं कायदा शिकायला यायची, शहरात त्यांना काही हक्क नव्हते, म्हणून त्यांनी आपला संघ केला. हा संघ रूमचं भाडं ठरवायचा, मास्तरांशी करार करायचा, आणि मास्तर तासाला उशिरा आला तर त्याला दंड लावायचा. हा संघच म्हणजे युनिव्हर्सितास! तालुक्याच्या गावी चौघं मिळून रूम करून राहणाऱ्या पोट्ट्यांना हे नीट समजेल, भाड्याची घासाघीस एकट्यानं होत नाही.

आता छात्रसंघ. छात्र शब्द पाणिनीच्या व्याकरणातही आहे, छत्रावरून झालेला. जुने भाष्यकार सांगतात की छत्री जशी ऊन अडवते तसा जो गुरूचे दोष झाकतो तो छात्र. मला हा अर्थ पटत नाही, विद्यार्थ्याचं काम झाकण्याचं नसावं, आणि मराठीनं रोजच्या वापराला विद्यार्थी, म्हणजे विद्या मागणारा, हा शब्द धरला ते बरं केलं. छात्र आपल्याकडं एनसीसीच्या छात्रसेनेत राहिला आणि छात्रसंघ हिंदी बातम्यांतून आला.

संघ मात्र अस्सल आपला. तालुक्याला खरेदी-विक्री संघ असते, दूध संघ असते, आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी एका सुरात "संघं शरणं गच्छामि" म्हटलं. बाबासाहेबांनी त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेत सांगितलं होतं की बौद्ध भिक्खूंच्या संघांना संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते, ठराव कसा मांडायचा, कोरम म्हणजे सभेला कमीत कमी किती जण हवेत, मतं कशी मोजायची, सगळं. म्हणजे संघ या शब्दात सभासदाचं मत आधीपासून बसलेलं आहे. माझ्या मते विद्यार्थ्यांसाठी याहून योग्य शब्द नाही.

मग लोक युनियन काऊन म्हणतात? मला वाटते याचं कारण विदर्भात तरी साधं आहे. नागपूरकडं नुसतं "संघ" म्हटलं की लोक १९२५ चा राष्ट्रीय स्वयंसेवक संघ समजतात अन् नुसतं "परिषद" म्हटलं की १९४९ ची अखिल भारतीय विद्यार्थी परिषद. कोणी म्हणालं "मी परिषदेत आहो" तर विचारावं लागते, कॉलेजच्या की त्या? ती अखिल भारतीयवाली ही संघटना आहे, ज्याला वाटलं तो तिथं जातो, जसं एनएसयूआय किंवा एसएफआय या दुसऱ्या विद्यार्थी संघटनांमध्ये जातो. कॉलेजची परिषद कायद्यानं बनते. हा फरक पोट्ट्यांना पहिल्याच वर्षी कोणीतरी सांगायला पाहिजे.

कायद्याची बाजूही पाहून घ्या. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणूक गेली. वर्गात मागच्या वर्षी ज्याले मार्क जास्त तो सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, आणि जीएस, म्हणजे परिषदेचा सचिव, निवडायचा तो यांच्यातूनच. बाबांची "युनियनची इलेक्शन" त्याच्या आधीची. २०१६ च्या नव्या कायद्यात थेट मतदान परत आलं, २०१९ ला वेळापत्रकही निघालं, पण विधानसभेच्या तोंडावर ते पुढं ढकललं. परिषदेचं काम कायद्यात विद्यार्थ्यांचं कल्याण अन् कार्यक्रम असं लिहिलेलं आहे, आणि राजकारण करायचं नाही असंही. पण शेवटची बस पाच वाजताच निघून जाते म्हणून पोरींना चौथा तास सोडावा लागते, याचा अर्ज घेऊन डेपो मॅनेजरकडं जाणं हे कल्याणच आहे. स्कॉलरशिपचा फॉर्म सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कॉलेजच्या लॉगिनला अडकला, रिझल्टमध्ये एका पेपरला गैरहजर दाखवलं, हेही कल्याणच. नुसतं गॅदरिंगचा मंडप ठरवायला परिषद नसते.

परिषद शब्दाचा अर्थ भोवती बसलेले लोक. म्हणजे बसलेल्यांपुरती. संघात सगळे येतात, ज्यानं ॲडमिशन घेतली तो प्रत्येक जण. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात तसंच आहे, ॲडमिशन झाली की तुम्ही छात्रसंघाचे सभासद. म्हणून मी दोन्हीला एकच म्हणत नाही.

तर बेटा, अर्जावर "सचिव, विद्यार्थी परिषद" लिही, कारण कायद्यातलं नाव ते आहे, आणि प्रत प्राचार्यांना दे, आवक नंबर घेतल्याशिवाय निघू नको. बोलताना युनियन म्हणायला काही हरकत नाही, बाबा बरोबर बोलतात. खाली सह्या घेशील तेव्हा सीआरच्या एकट्याच्या नको, वर्गातल्या जेवढ्या मिळतील तेवढ्या घे.