यूव्ही-सी दिवा मोबाइलवरून चालवायचा, तर नुसता वायफाय प्लग पुरत नाही

10 बाय 12 फुटांच्या तपासणी खोलीत 30 वॉटची यूव्ही-सी नळी (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांची) वायफाय प्लगवर लावून मोबाइलवरून चालवावी का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या प्लगवर कृपया लावू नका.

ही नळी 1 मीटरवर साधारण 100 मायक्रोवॉट प्रति चौरस सेंमी देते. तिच्या किरणांच्या 254 नॅनोमीटर तरंगलांबीला माणसासाठी 8 तासांची प्रचलित मर्यादा 6 मिलिजूल प्रति चौरस सेंमी आहे. म्हणजे 1 मीटरवर दिवसभराचा वाटा एका मिनिटात संपतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी काही तासांनी सुरू होते, त्यामुळे तेव्हा कोणाला कळतही नाही. बरेच प्लग वीज परत आली की आधीच्याच स्थितीत जातात: दिवा चालू असताना लाइट गेली, मावशी झाडायला आत आल्या, लाइट आली की दिवा त्यांच्या डोक्यावर पेटला.

म्हणून मोबाइलकडून फक्त क्षणभराचा 'सुरू' इशारा घ्या. दिवा कॉन्टॅक्टरवर (कॉइलने ओढला जाणारा दणकट स्विच), स्वतःला धरून ठेवणाऱ्या जोडणीत: एकदा इशारा मिळाला की तो चालू राहतो, कॉइलची वीज तुटली की सुटतो आणि नवा इशारा येईपर्यंत सुटलेलाच राहतो. प्लगमधल्या छोट्या रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) संपर्क चोकच्या भाराने चिकटतात, मग 'बंद' दाबूनही दिवा जळतच राहतो. कॉइलचं सर्किट 24 व्होल्ट डीसीवर ठेवा, कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका जिरवायला तिला उलटा डायोड लावा आणि याच सर्किटमध्ये दाराचा मॅग्नेट स्विच, पीआयआरचा (हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचा) एनसी, म्हणजे एरवी जोडलेला आणि हालचाल दिसली की उघडणारा संपर्क, आतलं लाल आपत्कालीन बटण आणि टायमर एकामागोमाग जोडा. कुठलीही तार तुटली, दार उघडलं किंवा वीज गेली की दिवा बंद, आणि आपोआप पुन्हा सुरू होणार नाही. टायमर खोलीतच हवा. वायफाय तुटलं की मोबाइलवरचा काही कामाचा नाही.

पीआयआरवर विसंबू नका. त्याला हालचाल दिसते, पडद्याआड निश्चल झोपलेला रुग्ण दिसत नाही. आधी 30 सेकंद बझर, आणि प्रत्येक वेळी माणसाने आत डोकावून दार लावायचं.

आता वेळ. कोपरा 3 मीटरवर धरला तर तिथे जेमतेम 11 मायक्रोवॉट पोचतात. 30 मिनिटांत सुमारे 20 मिलिजूल, तेही प्रकाश सरळ पडला तर. बऱ्याच जिवाणू-विषाणूंना हे पुरतं, चिवट बीजाणूंना (काही जिवाणूंच्या कवचबंद रूपाला) नाही. टेबलाखाली, खुर्चीमागे सावलीत काहीच होत नाही, म्हणून चाकांचा स्टँड करून दोन जागी चालवा. डीआरडीओच्या 2020 च्या यूव्ही ब्लास्टर या जंतुनाशक यंत्रामध्ये 43 वॉटचे सहा दिवे आहेत, तेव्हा कुठे 12 बाय 12 फुटांना 10 मिनिटं लागतात.

नळी ओझोन (श्वासाला त्रासदायक वायू) न करणारीच घ्या, आणि थंड असताना अल्कोहोलने पुसत चला. धुळीचा थर बरेच किरण खातो. आधी पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, मळाखालचे जंतू दिव्याने मरत नाहीत.