चहा सोडण्याआधी

दादर, मुंबई

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. हिमोग्लोबिन कमी निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी चहा आवरायला सांगितले, तेव्हा तो एकदम सोडूनच द्यावा का, असे तू विचारले आहेस. गेली साठ वर्षे मी चहा पीत आलो आहे आणि त्यावर माझा मनापासून जीव आहे, हे ठाऊक असूनही तू मलाच विचारलेस, याचा आनंद वाटला.

पहिली गोष्ट, डॉक्टरांचे ऐक. चहातील पॉलिफेनॉल द्रव्ये अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि त्यामुळे ते शरीरात कमी शोषले जाते. डाळी, पालेभाज्या, नाचणी यांतून मिळणाऱ्या लोहाच्या बाबतीत हे विशेषच घडते, आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत लोह येते ते तिथूनच. तुझे चुकते ते डबा संपताच कटिंग मागवण्यात. जेवण आणि चहा यांत निदान एक तास, जमल्यास दोन तास जाऊ देत, आणि गोळीच्या आसपास तर चहा नकोच. पोह्यांवर लिंबू अवश्य पिळ, कारण क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. सोबतचा कप मात्र तासाभराने घे. पोहे आणि चहा यांची ताटातूट मलाही सोसत नाही, पण तुझ्या अंगात रक्त भरेपर्यंत ती सोसायला हवी.

आता कपांच्या संख्येविषयी. तुझ्या वयाचा असताना मी फोर्टमधल्या एका कचेरीत दिवसाला दहा-बारा कटिंग पीत असे. चहावाला पोऱ्या तारेच्या जाळीत ग्लास घेऊन मेजामेजावरून फिरे, आणि त्याने समोर ठेवलेला ग्लास मी कागदांवरून नजर न काढता रिकामा करी. तलफ आली आहे की नाही, हे मी स्वतःला कधी विचारलेच नाही. पुढे झोप उडाली. पोटात गेलेले कॅफीन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेल्या कपातले निम्मे मध्यरात्री माझ्या रक्तात असे. पण मला अधिक लागले ते वेगळेच. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्या दिवसाच्या बारा कपांपैकी एकाची तरी चव आठवून पाहिली, आणि एकाचीही आठवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तीन कपांवर आलो आणि आजवर तीनच कप घेत आहे. तू सध्या दोनच ठेव, दोन्ही दुपारी पाचच्या आतले.

त्यातला एक स्वतःच्या हाताने कर. यंत्राचे बटण दाबून मिळणारे ते पेय मी चहात धरीत नाही. आपल्या घरची दाणेदार पूड सीटीसी पद्धतीची असते; दातेरी रुळांमध्ये पाने चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे होतात. १९३०च्या सुमारास आसामात निघालेल्या या पद्धतीचा चहा चटकन आणि कडक उतरतो, म्हणूनच तो दुधापुढे टिकतो, आणि दुधातले केसीन त्याचा तुरटपणा सौम्य करते. आधण ठेवताना ठेचलेले आले पाण्यातच घालून चांगले उकळू दे. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे विकर असते, ते तसेच दुधात पडले तर दूध फाटते. उकळीने ते निकामी होते. गवती चहाची दोन पाती असतील तर तीही याच वेळी घाल (नावात चहा असला तरी ती गवताचीच जात, आणि खिडकीतल्या कुंडीतही ती छान फोफावते). मग साखर आणि पूड घालून दोन मिनिटे उकळ, गरम दूध घाल, एकदा वर येऊ दे, झाकण ठेवून मिनिटभर थांब आणि गाळ. चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून दुसऱ्यांदा चहा करण्याची काटकसर करू नकोस. त्यातून कडवटपणाखेरीज काही येत नाही.

दुसरा कप कधीतरी बाहेर घे, पण बसून. धोबीतलावच्या कयानी या इराणी हॉटेलात १९०४पासून लोक संगमरवरी मेजापाशी बसून चहात ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, बुडवीत आले आहेत. तिथे बसलीस की फोन पिशवीत ठेव आणि चहा गार होण्याआधी संपव.

दार्जिलिंगचा चहा या सगळ्याहून निराळा आहे. त्याची पाने हलकेच वळून सुकवलेली असतात. ती कधी उकळायची नाहीत, उकळून जरा निवालेले पाणी किटलीतल्या पानांवर ओतून तीन मिनिटांत गाळायचे आणि दूध लांब ठेवायचे. मे-जूनमध्ये खुडलेल्या पानांना पिकल्या द्राक्षांसारखा एक वास असतो, तो दुधाने पार झाकला जातो. माझ्याकडे अशा पानांचा शंभर ग्रॅमचा डबा आहे आणि तो मी अजून उघडलेला नाही. रविवारी एकच्या आत जेवण आटोप आणि तीनला ये.

तुझा,
काका