मराठी माध्यमातून शिकलोय. इन, ऑन, ॲटचे नियम पाठ आहेत, तरी बोलताना चुकतात. काय करू? आणि बस, कार अशा वाहनांना इन लावायचं की ऑन?

मीही मराठी माध्यमातलीच. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत गिरवायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्यामुळे तुमचं दुखणं चांगलं ओळखीचं आहे. माझ्या मते खोट पाठांतरात नाही. 'मध्ये म्हणजे इन, वर म्हणजे ऑन' अशा जोड्या आपण डोक्यात लावून ठेवतो, घोटाळा तिथे होतो.

समजा, तुमच्या हातात अंगठी आहे. मराठीत आपण म्हणतो, बोटात अंगठी. खरं तर बोटच अंगठीत असतं! इंग्रजी फक्त एवढंच बघते की अंगठी बोटाला बाहेरून टेकलीय, म्हणून 'रिंग ऑन माय फिंगर'. पायातली चप्पलही ऑन. छताचा पंखा छताच्या खाली लोंबतो, तरी 'ऑन द सीलिंग'. म्हणजे ऑनला वर-खालीशी देणंघेणं नाही, चिकटलंय किंवा टेकलंय ना, बास. उलट माकड आपल्याकडे झाडावर चढतं, इंग्रजीत मात्र ते 'इन द ट्री', कारण फांद्यापानांनी त्याला चहूबाजूंनी घेरलंय. त्याच झाडाला लागलेला आंबा पुन्हा 'ऑन द ट्री'.

ॲट म्हणजे नकाशावर टेकवलेलं बोट. 'स्टॉपवर उभा आहे' आणि 'दारात कोणीतरी आलंय', आपल्याकडे एकदा वर, एकदा त. इंग्रजीत दोन्हीकडे ॲट.

वेळेचं फार अवघड नाही. पाच वाजता ॲट, सोमवारी ऑन, मे महिन्यात इन. सकाळी 'इन द मॉर्निंग' आणि रात्री 'ॲट नाइट' का, ते विचारत बसू नका, तसंच तोंडात बसवा.

खरा दगा देतो तो आपला 'पर्यंत'. नोकरीला लागल्यावर मी साहेबांना ईमेल केला होता, 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे'. साहेब जागेवर येऊन म्हणाले, "शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहणार आहात का?" आख्खा विभाग हसला. मराठीत 'शुक्रवारपर्यंत अहवाल देते' आणि 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे' या दोन्हीला एकच शब्द चालतो. इंग्रजीत काम एकदाच होऊन संपणार असेल तर 'बाय फ्रायडे', आणि तोवर चालूच राहणार असेल तर 'टिल फ्रायडे'. 'पासून'चंही तसंच. दोन वर्षांपासून म्हणजे 'फॉर टू इयर्स', 2022 पासून म्हणजे 'सिन्स 2022'. किती काळ ते मोजलं तर फॉर, कधी सुरू झालं ते सांगितलं तर सिन्स.

उरलेल्यांना नियम शोधू नका. 'तिच्याशी लग्न' म्हणून आपण 'मॅरीड विथ हर' म्हणतो, हवं 'मॅरीड टू हर'. 'माझ्यावर रागावला'चं 'अँग्री ऑन मी' होतं, हवं 'अँग्री विथ मी'. कुत्र्याला घाबरते, तर 'अफ्रेड ऑफ'. आणि 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' लावायचाच नाही, तो त्याच्या पोटातच आहे. हे शब्द शेपटीसकटच शिकायचे. वहीत नुसतं 'अफ्रेड' लिहू नका, 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' लिहा. मी महिनाभर रोज असे पाचच तुकडे लिहून मोठ्याने म्हणायची. घरचे वैतागले, पण जीभ वळली.

आणि हो, वाहनांबद्दल विचारलंय तुम्ही. ज्यात उठून चालता येतं ती बस, ट्रेन, विमान यांना ऑन. ज्यात वाकून शिरावं लागतं त्या कार, टॅक्सी, रिक्षा यांना इन. स्कूटरवर तर आपण मराठीतही वरच बसतो, तिथे ऑन.